प्रयोगशाळेची पदवी : कर्ज किती, कमाई किती?

मिरज हे दवाखान्यांचे गाव. विल्यम वॉन्लेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ साली इथे रुग्णालय उभे केले, १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि तंतुवाद्यांसाठी ओळखले जाणारे हे गाव दक्षिण महाराष्ट्र व उत्तर कर्नाटकातल्या आजारी माणसांचे ठाणे बनले. दवाखाना म्हटला की प्रयोगशाळा आलीच. स्थानकाकडून गावात शिरताना रक्त-लघवी तपासणीच्या पाट्या मोजायला घेतल्या, तर मोजणाऱ्याचा आकडा चुकतो. त्या पाट्यांमागे मान खाली घालून काम करणारी मुलेमुली मात्र कुणाला आठवत नाहीत. रुग्णाला डॉक्टर आठवतो, सुई टोचणारी परिचारिका आठवते. नळीतले रक्त पुढे कुणाच्या हातात गेले हे तो विचारत नाही.

हा विषय माझ्याकडे आला तो हिशेबाच्या वाटेने. एका पतसंस्थेत मी बरीच वर्षे कारकुनी केली. व्याजाची कोष्टके तिथे हाताने मांडली, आणि कायदे व शासन निर्णय वाचायची सवय तिथेच लागली. आसपासच्या गावांतली माणसे शैक्षणिक कर्जाचे कागद घेऊन माझ्याकडे येतात. काही वर्षांपूर्वी असाच एक द्राक्षबागायतदार आला होता. मुलाला खासगी महाविद्यालयात प्रयोगशाळा तंत्रज्ञानाच्या पदवीला घालायचे होते. मी हप्ता काढून दिला आणि म्हणालो, "नोकरी लागली की फिटेल." मुलगा शिकला, नोकरीही लागली; पण पगारात हप्ता बसेना. तीन-चार हप्ते थकले. बाप सहकर्जदार होता, त्यामुळे थकबाकीची नोंद त्याच्याही नावावर चढली, आणि पुढच्या हंगामात तो पीककर्जाला गेला तेव्हा बँकेने तीच नोंद पुढे केली. माझे कोष्टक बरोबर होते. मी मांडलेला प्रश्न अपुरा होता. हप्ता किती हे मी काढले. तो कशातून जाणार, हे विचारले नाही.

गेल्या वर्षी आमच्या चुलतबहिणीची मुलगी कवठेमहांकाळहून बारावीचा निकाल घेऊन आली. म्हणाली, "मामा, चार वर्षांचा लॅबचा डिग्री कोर्स आहे. बाबा म्हणतात, कर्ज काढू. हप्ता जमेल का, तेवढं सांगा." या वेळी मी वही उघडली आणि तिलाही शेजारी बसवून घेतले. त्या वहीत जे उतरले, तेच इथे मांडतो आहे.

काम काय आहे?

पैशाआधी कामाची किंमत कळली पाहिजे. साखर तपासायचे रक्त करड्या टोपणाच्या नळीत घेतात, कारण तिच्यात फ्लोराइड असते. ते नसेल तर रक्तातल्या पेशी नळीतही साखर खात राहतात आणि अहवालात साखर कमी दिसते. पेशींची गणना करायचे रक्त जांभळ्या टोपणाच्या नळीत जाते. तिच्यातल्या ईडीटीएमुळे ते गोठत नाही. त्या ईडीटीएचा अंश चुकून दुसऱ्या नळीत गेला, तर पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसते. रक्त ओढताना पेशी फुटल्या तरी तेच घडते. पोटॅशियमचा आकडा बघून डॉक्टर हृदयाच्या उपचारांचा निर्णय घेतात. रक्तपेढीत रक्त जुळवताना झालेली चूक तर जिवावर बेतते. यंत्र आकडा छापते. तो आकडा त्या माणसाचा खरा आकडा आहे की नाही, हे ओळखायला शिकलेले डोळे लागतात. म्हणून या शिक्षणाची गरज आहे का, हा वादाचा मुद्दाच नाही. त्या गरजेचे मोल शिकणाऱ्याच्या हातात किती पडते, हा खरा प्रश्न आहे.

कर्ज वाढते कसे?

बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत देशातल्या शिक्षणासाठी ४ लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि स्वतःचा वाटाही घालावा लागत नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमी निधीचे छत्र आहे. अभ्यासक्रमाचा काळ आणि वर एक वर्ष हप्ता नसतो. परतफेडीला पंधरा वर्षांपर्यंत मुदत मिळते. आईबापांना यातले 'हप्ता नसतो' एवढेच ऐकू येते. त्या काळात हप्ता झोपलेला असतो, व्याज जागे असते.

समजा शुल्क आणि वसतिगृह मिळून वर्षाला १ लाख, असे चार वर्षांचे ४ लाख काढले आणि व्याज दहा टक्के धरले. या काळात सरळव्याज लागते. पहिल्या लाखावर पाच वर्षांचे ५० हजार, दुसऱ्यावर चार वर्षांचे ४० हजार, तिसऱ्यावर ३० हजार, चौथ्यावर २० हजार. एकूण व्याज झाले १ लाख ४० हजार. म्हणजे पहिला हप्ता भरायच्या दिवशी कर्ज ४ लाख नसते, ५ लाख ४० हजार असते.

आता हप्ता. दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१३६ रुपये. एकूण भरणा साडेआठ लाखांवर जातो. पंधरा वर्षे घेतली तर हप्ता ५,८०३ वर येतो, पण भरणा साडेदहा लाखांच्या आसपास होतो. मुदत वाढवली की हप्ता हलका होतो आणि कर्ज जड.

यातून सुटायची एक साधी वाट आहे: शिकत असतानाच दरमहा व्याज भरत राहणे. पहिल्या वर्षी महिन्याला ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, तिसऱ्या वर्षी २,५००, पुढे ३,३३३. तसे केले तर परतफेडीच्या दिवशी मूळ ४ लाखच शिल्लक असतात, दहा वर्षांचा हप्ता ५,२८६ वर येतो आणि एकूण भरण्यात सुमारे ८२ हजार वाचतात.

दुसरी वाट सरकारी अनुदानाची. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल, तर व्यावसायिक व तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी केंद्राच्या व्याज अनुदान योजनेतून सवलतीच्या काळातले व्याज सरकार भरते. मात्र संस्थेला नॅकचे मूल्यांकन किंवा अभ्यासक्रमाला ठरावीक मान्यता असावी लागते, अशी अट २०१८ पासून आहे. इमारतीच्या काचा बघण्याआधी संस्थेचे नॅकचे प्रमाणपत्र बघावे, ते यासाठी. त्या एका कागदावर १ लाख ४० हजार रुपये अवलंबून असू शकतात.

पगाराची बाजू

इथे दोन जगे आहेत, आणि जाहिरातीत पहिलेच दाखवतात. ते सरकारी जग. २०२४ साली रेल्वेने निमवैद्यकीय पदांची भरती काढली, तिची जाहिरात मी त्या मुलीपुढे ठेवली. प्रयोगशाळा अधीक्षक या पदाला विज्ञान पदवी आणि प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका, किंवा त्याच विषयातली पदवी लागते. मूळ वेतन ३५,४०० रुपये. प्रयोगशाळा सहायकाला बारावी विज्ञान आणि पदविका किंवा प्रमाणपत्र पुरते. मूळ वेतन २१,७०० रुपये. पदवीची किंमत इतक्या स्वच्छपणे दुसरीकडे कुठे लिहिलेली सापडणार नाही. महिन्याला १३,७०० रुपयांचा फरक, वर भत्ते वेगळे.

मुलीचे डोळे चमकले. मग मी तिला शेजारचा रकाना वाचायला सांगितला. अधीक्षकाच्या जागा २७. जिल्ह्यात किंवा राज्यात नव्हे, सबंध देशात २७. सहायकाच्या ९४. सगळ्या निमवैद्यकीय पदांच्या मिळून १,३७६. राज्याच्या आरोग्य विभागात, एम्ससारख्या संस्थांत जागा निघतात, पण ती भरती वर्षावर्षाला ठरलेल्या दिवशी येणारी नव्हे. हप्ता मात्र ठरलेल्या दिवशी येतो. सरकारी वेतन गृहीत धरून कर्ज काढणे म्हणजे मृग बरसेलच असे धरून विहीर न खणणे.

दुसरे जग खासगी. आमच्या भागात नवशिक्याला १२ ते १५ हजारांवर ठेवल्याचे मी पाहत आलो आहे. शहरातल्या मोठ्या रुग्णालयात आकडा वाढतो, आणि खोलीचे भाडेही वाढते. ७,१३६ चा हप्ता १२ हजारांच्या पगाराचा ५९ टक्के होतो, १५ हजारांचा ४८ टक्के, २५ हजारांचा २९ टक्के. त्या बागायतदाराच्या मुलाचे नेमके काय झाले, हे या ओळीत दिसते. तो आळशी नव्हता की उधळ्या नव्हता. अर्धा पगार हप्त्यात गेल्यावर उरलेल्या अर्ध्यात भाडे, खाणावळ आणि गावी जायचे एसटीचे पैसे बसत नव्हते.

पगार एवढा कमी का? माझ्या समजुतीने याची तीन कारणे आहेत.

पहिले, यंत्र आणि वाहतूक. पूर्वी तालुक्याच्या गावातच नमुना घेऊन तिथेच तपासत. ए. वेलुमणी यांनी १९९६ साली मुंबईत थायरोकेअर सुरू केली. अनेक गावांतून नमुने गोळा करायचे आणि एका मोठ्या प्रयोगशाळेत यंत्रांवर तपासायचे, ही पद्धत तिने रुजवली. त्याने तपासण्या स्वस्त झाल्या, रुग्णांचा फायदा झाला. पण तालुक्याच्या गावात तपासणाऱ्यापेक्षा नमुना गोळा करणाऱ्याचीच गरज उरली, आणि त्या कामाला मालक पदवीचा भाव देत नाही.

दुसरे कारण सहीचे. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या प्रकरणात निकाल दिला, की प्रयोगशाळेच्या अहवालावर पॅथॉलॉजीचे पदव्युत्तर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी. रुग्णाच्या बाजूने पाहिले तर यात तथ्य आहे. आकडा आणि निदान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण तंत्रज्ञाच्या हिशेबात याचा अर्थ असा, की 'चार वर्षे नोकरी करू, मग स्वतःची लॅब टाकू' हे जुने स्वप्न एकट्याच्या बळावर पुरे होत नाही. सही करणारा डॉक्टर हवा, त्याचा मोबदला हवा. बाप कर्जाच्या कागदावर सही करतो तेव्हा त्याच्या मनात बहुधा हेच स्वप्न असते. ते हिशेबातून वजा करूनच पुढे जायला हवे.

तिसरे कारण, दारे फार होती. सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रापासून चार वर्षांच्या पदवीपर्यंत सगळे एकाच टेबलाशी उभे राहत आणि मालक स्वस्तातला माणूस उचलत असे. इथे मात्र चित्र पालटू लागले आहे. २०२१ साली संसदेने राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यावसायिक आयोगाचा कायदा केला. त्यात सहयोगी आरोग्य व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत पसरलेले किमान २,००० तासांचे शिक्षण, आणि आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी तीन ते सहा वर्षांत पसरलेले किमान ३,६०० तासांचे पदवी शिक्षण, अशी व्याख्याच घातली आहे. राज्य परिषदा आणि नोंदणीपुस्तकाची तरतूद आहे. म्हणजे सहा महिन्यांच्या कागदावर उभे राहायची जागा कायद्याने अरुंद केली आहे. म्हणून कमी खर्च म्हणून आखूड अभ्यासक्रम घेणे ही बचत नव्हे. उद्या नोंदणी नाकारली गेली तर तोही पैसा बुडाला. प्रवेशाआधी एकच प्रश्न लेखी विचारावा: 'या अभ्यासक्रमावर माझी परिषदेत नोंदणी होईल का?' तोंडी उत्तरावर विसंबू नये.

पदवी की पदविका?

मग मी दोन वाटा समोरासमोर ठेवल्या. दोन वर्षांची मान्य पदविका, खर्च समजा १ लाख, घरातूनच भागवलेला. तिसऱ्या वर्षापासून १२ हजारांची नोकरी. दुसरीकडे चार वर्षांची पदवी, कर्ज ४ लाख. पदवीचा जास्तीचा खर्च ३ लाख. पदविकावाला दोन वर्षे आधी कमावू लागतो, ती न मिळालेली कमाई २ लाख ८८ हजार. सवलतीच्या काळातले व्याज १ लाख ४० हजार. बेरीज ७ लाख २८ हजार. हप्त्यांच्या काळातले व्याज यात अजून धरलेले नाही.

ही रक्कम पदवीने मिळणाऱ्या वाढीव पगारातून भरून निघायला हवी. पदवीमुळे महिन्याला ३ हजारच जास्त मिळाले, तर त्याला वीस वर्षे लागतात. ८ हजार जास्त मिळाले, तर साडेसात वर्षे. रेल्वेच्या जाहिरातीतला १३,७०० चा फरक मिळाला, तर साडेचार वर्षांत भरपाई होते. एकच पदवी, एकच कर्ज. पण साडेचार वर्षे आणि वीस वर्षे यांत अख्खी तरुणपणाची वर्षे मावतात. म्हणून पदवी फायद्याची की तोट्याची, या प्रश्नाला सरसकट उत्तर नाही. तीच पदवी २ लाखांत मिळाली तर शहाणपणाची, आणि ६ लाखांत मिळाली तर घातक ठरू शकते.

पदवीच्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगायला हवी. आखाती देशांत जायचे तर कागदपत्रांची पडताळणी आणि प्रोमेट्रिकची परीक्षा द्यावी लागते. तिथे पदवी आणि अनुभव यांना वजन आहे. पुढे पदव्युत्तर शिक्षण, गुणवत्ता नियंत्रण, यंत्र कंपन्यांतली कामे, अध्यापन ही दारेही पदवीनेच उघडतात. आयएसओ १५१८९ या मानकानुसार एनएबीएलची मान्यता घेणाऱ्या प्रयोगशाळांना कामाची क्षमता कागदावर दाखवावी लागते. पदविकेची वाट लवकर कमाईला लागते, पण लवकर थांबते. हे मी मुलीला लपवून ठेवले नाही. तिला पदवीच हवी होती, आणि तिचे म्हणणे चूक नव्हते.

उलटा हिशेब

तेव्हा आम्ही हिशेब उलटा फिरवला. कर्जावरून हप्ता काढायचा नाही, पगारावरून कर्ज काढायचे. पगारही चांगल्यातला धरायचा नाही. आपल्या भागात पहिल्या नोकरीला मिळतो तो धरायचा. हप्ता त्या पगाराच्या पावपटीच्या आत बसवायचा. ही पावपट माझी स्वतःची आहे, पतसंस्थेत थकलेली खाती पाहून ठरवलेली.

१५ हजारांचा पाव हिस्सा ३,७५०. दहा वर्षांच्या मुदतीत, दहा टक्क्यांनी, तेवढ्या हप्त्यात सुमारे २ लाख ८४ हजारांचे कर्ज फिटते. पण ही परतफेडीच्या दिवसाची रक्कम. व्याज साचू दिले तर मूळ कर्ज २ लाख १० हजारांच्या वर जाता कामा नये. पगार १२ हजार धरला तर ते १ लाख ६८ हजारांवर येते. दरमहा व्याज भरत गेले, तर १५ हजारांच्या पगाराला २ लाख ८४ हजारांपर्यंत जाता येईल. हा झाला आपला बांध. त्याच्या आत जी पदवी बसेल ती घ्यायची, बसणार नाही ती सोडायची किंवा खर्च खाली आणायचा.

खर्च खाली आणायला जागा होती. पहिली पसंती शासकीय जागेची. मग शिष्यवृत्त्या, शासनाने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ठरावीक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक शिक्षणात शुल्काची पूर्ण सवलत दिली आहे. ती केंद्रीय प्रक्रियेतून घेतलेल्या प्रवेशाला आहे. थेट संस्थेत पैसे भरून बसलेल्याला नाही. अभ्यासक्रम त्या यादीत आहे की नाही, हे प्रवेशाआधी पाहायचे. शेवटी वसतिगृह. चार वर्षांच्या खर्चाचा मोठा तुकडा तोच असतो.

संस्था पाहायला आम्ही तिघे गेलो. मुलगी, तिचे वडील आणि मी. काय विचारायचे ते वहीत लिहून नेले होते. स्वतःचे रुग्णालय आहे का, रोज किती नमुने येतात? विद्यार्थ्याच्या हाताला काम मिळते की तो नुसता बघतो? इंटर्नशिपमध्ये विद्यावेतन देता का? मागच्या दोन तुकड्यांतली मुले आज कुठे आहेत? एका ठिकाणी या शेवटच्या प्रश्नाला रंगीत माहितीपत्रक हातात दिले. दुसऱ्या ठिकाणी, जिथे भिंतींचा रंग उडाला होता, तिथल्या मॅडमनी कपाटातून रजिस्टर काढून नावे आणि दवाखाने वाचून दाखवले. परत येताना वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दाजी, रजिस्टरवाल्या बाई बऱ्या वाटल्या."

शासकीय जागा थोडक्यात हुकली. मुलीने रजिस्टरवाली संस्था घेतली. वसतिगृह नाही, रोज एसटीने ये-जा, विद्यार्थी पासावर. वर्षाला ५० हजार याप्रमाणे चार वर्षांचे २ लाख कर्ज मंजूर झाले. पहाटेची गाडी, रात्रीचा अभ्यास, हे तिने कबूल करून घेतले आहे. पैशाची बचत तिच्या झोपेतून झाली आहे, हे मी विसरत नाही. तो आधीचा मुलगा अजून हप्ते भरतो आहे. आता त्याचा पगार थोडा वाढला आहे, आणि त्याच्या वडिलांचे पीककर्जही पुन्हा सुरू झाले. त्यांच्या घरी गेलो की चहा मिळतो, तरी मला तो नीट गिळत नाही.

मुलीचे वडील दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात बँकेत जाऊन पहिल्या वर्षाचे व्याज भरतात. महिन्याला ४१७ रुपये. पावती ते मला दाखवायला आणतात आणि मी ती वहीत चिकटवतो. पुढच्या वर्षी ती ८३३ ची होईल. द्राक्षाचा भाव पडला तरी तेवढे भरता येतील, असे ते म्हणतात, आणि हिशेब मांडून पाहिला तर मलाही तसेच दिसते.